मज्जारज्जू उत्तेजन : चाचणीचा आठवडा कसा वापरावा

मज्जारज्जू उत्तेजन, म्हणजेच स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन, या उपचारात कायमचे उपकरण बसवण्यापूर्वी ते काही दिवस वापरून पाहता येते. बहुतेक शस्त्रक्रियांच्या बाबतीत अशी सोय नसते. म्हणून चाचणीचा हा काळ केवळ उपचाराची एक पायरी समजून पार पाडू नये. पुढचा सारा निर्णय त्याच दिवसांतील नोंदींवर उभा राहणार आहे, हे ध्यानात ठेवून रुग्णाने त्याची तयारी आधीपासून करावी.

प्रथम उपचार कसा चालतो ते समजून घ्यावे. वेदनेचे संशोधक मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये असा सिद्धान्त मांडला की वेदनेचे संदेश मेंदूकडे जाण्यापूर्वी मज्जारज्जूत एखाद्या दारातून जावेत तसे जातात आणि इतर संवेदनांमुळे ते दार काही अंशी बंद होऊ शकते. या विचाराच्या आधारे अमेरिकी मेंदूशल्यविशारद नॉर्मन शीली यांनी १९६७ मध्ये पहिले उपकरण रुग्णाच्या शरीरात बसवले. आजच्या पद्धतीत मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत बारीक तारा सरकवल्या जातात आणि त्यांतून सौम्य विद्युत-स्पंदने सोडली जातात. जुन्या पद्धतीत सेकंदाला साधारण ४० ते ६० स्पंदने असतात आणि दुखऱ्या भागात मुंग्या आल्यासारखे वाटते. सेकंदाला १०,००० स्पंदनांच्या पद्धतीत तसे काही जाणवत नाही. दुखावलेली नस मात्र यांपैकी कोणत्याही पद्धतीने बरी होत नाही, फक्त तिची वेदना कमी होऊ शकते.

आपली वेदना या उपचाराच्या कक्षेत येते का, हे वेदनातज्ज्ञाकडून स्पष्ट करून घ्यावे. जळजळ, विजेचा झटका बसल्यासारखी कळ किंवा कपड्याचा स्पर्शही सहन न होणे ही नसांच्या वेदनेची लक्षणे आहेत. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही न थांबलेली पायातील वेदना, कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम (दुखापतीनंतर हाता-पायात टिकून राहणारी, दुखापतीच्या मानाने फार तीव्र वेदना) आणि मधुमेहामुळे पायांच्या नसांना होणारी वेदना यांसाठी हा उपचार प्रामुख्याने विचारात घेतला जातो. झिजलेल्या सांध्याच्या दुखण्यासाठी तो नाही. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २००८ मध्ये घातलेल्या अटी इतरत्रही मार्गदर्शक ठरतात : नेहमीचे उपचार करूनही वेदना किमान ६ महिने टिकलेली असावी, १०० पैकी किमान ५० इतकी तीव्र असावी आणि चाचणी यशस्वी झालेली असावी. केवळ कंबरदुखीच्या बाबतीत मात्र अधिक सावध राहावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या अहवालात, कंबरदुखीसाठी या उपचाराचा टिकाऊ लाभ दिसून आला नाही, आणि त्यावर तज्ज्ञांमध्ये अजूनही मतभेद आहेत.

चाचणीपूर्वी चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना द्यावी. रक्त पातळ करणारी औषधे सुईच्या जागी रक्तस्राव घडवू शकतात, पण ती स्वतःच्या मनाने बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे. ती कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. रक्तातील साखर आटोक्यात असावी आणि अंगावर जखम किंवा लघवीचा संसर्ग असल्यास तो आधी बरा करावा. मानसिक तपासणीचा सल्ला दिला गेला तर अनेकांना तो अविश्वास वाटतो. तसा तो नाही. नैराश्य किंवा निद्रानाश वेदनेत भर घालतो, आणि त्यावर आधी उपचार झाले तर या उपचाराचाही लाभ अधिक होण्याची शक्यता असते.

यापुढील काम रुग्णाचे स्वतःचे आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. चाचणीच्या किमान एक आठवडा आधी वही सुरू करावी. सकाळ-संध्याकाळची वेदना ० ते १० या अंकांत, रात्री किती वेळा जाग आली, किती मिनिटे बसता किंवा चालता आले आणि वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या, एवढे रोज लिहावे. जिना चढणे, उभ्याने स्वयंपाक करणे, नातवंडाला मांडीवर घेणे, अशी सध्या अडलेली दोन-तीन कामे निवडून ठेवावीत. घरातील एका व्यक्तीला वेगळी नोंद ठेवायला सांगावे, कारण बरे वाटण्याची आशाही काही दिवस वेदना कमी करू शकते, आणि ते आपले आपल्याला ओळखू येत नाही.

चाचणीसाठी सहसा स्थानिक भूल देऊन, एक्स-रेवर पाहत सुईतून तारा सरकवल्या जातात आणि बाहेरचे उपकरण कमरेला बांधले जाते. हा काळ साधारण ३ ते १० दिवसांचा असतो. या दिवसांत ड्रेसिंग भिजू देऊ नये, वाकू किंवा वळू नये आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्या कमी-जास्त करू नयेत, नाहीतर आराम कशाने पडला ते कळणार नाही. सुईच्या जागेची ठणक आणि जुनी वेदना वेगवेगळी लिहावी. परवानगी असेल तेवढे नेहमीचे व्यवहार करून पाहावेत, कारण अंथरुणावर पडून राहिल्यास वेदना कमी झाल्यासारखी वाटते आणि चाचणीचा हेतूच फसतो. वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटली तर चाचणी सामान्यतः यशस्वी मानली जाते. तरीही निवडलेल्या कामांपैकी एकही जमले नसेल, तर पुढे जाण्याची घाई करू नये.

कायमचे उपकरण नितंबाच्या वरच्या भागात किंवा पोटाच्या त्वचेखाली बसवतात. चार्ज करावी लागणारी बॅटरी अधिक वर्षे टिकते, पण ते काम नियमित जमेल का याचा प्रामाणिक विचार करावा. सुरुवातीचे ६ ते ८ आठवडे वाकणे, कंबर पिळणे, जड उचलणे आणि हात डोक्यावर नेणे टाळावे, कारण तार सरकणे ही सर्वांत जास्त आढळणारी अडचण आहे. ताप किंवा जखमेतून स्राव आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पायांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही मात्र तातडीची स्थिती असून क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

उपकरणाचे ओळखपत्र नेहमी जवळ ठेवावे. एमआरआय किंवा कोणतीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी ते दाखवावे. डायथर्मीचा, म्हणजे विद्युत-लहरींनी शरीराच्या आत उष्णता निर्माण करणारा, शेक मात्र कधीही घेऊ नये, कारण त्याची उष्णता तारांमार्फत मज्जारज्जूपर्यंत पोहोचू शकते. मुंग्या जाणवणाऱ्या पद्धतीत वाहन चालवताना उपकरण बंद ठेवावे. काही महिन्यांनी परिणाम ओसरू लागला, तर एक्स-रे काढून तार जागेवर आहे का ते पाहावे आणि स्पंदनांची मांडणी बदलून घ्यावी. एवढे करूनही गुण येत नसेल, तर उपकरण शस्त्रक्रियेने काढता येते.