केसपेपर ते कोर्ट: मार खाल्लेल्या बाईसोबत जाताना

शेजारीण, बहीण किंवा घरी कामाला येणाऱ्या ताई मार खाऊन आल्या की आपण पटकन म्हणतो, "चल, चौकीत जाऊ." ती घाबरते आणि विषय तिथेच संपतो. जिवावर बेतले असेल तर अर्थातच ११२. एरवी आधी दवाखाना गाठा. दवाखान्यात जाते म्हटले की घरचे सहसा अडवत नाहीत.

१. पुण्यात ससून, मंगळवार पेठेतले कमला नेहरू, पिंपरीचे वायसीएम, जे रुग्णालय जवळ असेल तिथे न्या. तक्रार केलेली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

२. नवरा किंवा सासू सोबत आली असेल, तर हिला एकटीला तपासा असे डॉक्टरांना सांगा. सगळी मेख इथे आहे. "बाथरूममध्ये घसरले" हे एकदा केसपेपरवर चढले की उद्या कोर्टात समोरचा वकील तेच वाचून दाखवणार. कोणी, कधी, कशाने मारले, हे तिच्या शब्दांत लिहून घ्या. जुने वळ, उडालेली झोप, तेही सांगायला लावा. शिवीगाळ आणि पैशांची अडवणूकसुद्धा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हिंसाचारच आहे. "एमएलसी" (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद) ऐकून बायका दचकतात. दवाखाना पोलिसांना कळवतो खरा, पण फिर्याद द्यायची का, ते तीच ठरवते.

३. निघण्याआधी तपासणी अहवालाची प्रत मागा. ती फुकट मिळते. हिंसाचाराच्या घटनेचा अहवाल आधी कुठे झाला नसेल, तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेला अधिकारी) पाठवणे हे रुग्णालयाचे काम आहे. काउंटरवर हे माहीत नसेल तर याच कायद्याच्या नियमांतला नियम १७ म्हणा. बिले जपून ठेवा, उपचाराचा खर्च नवऱ्याकडून मागता येतो. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त काळेनिळे दिसतात, तेव्हा पुन्हा फोटो काढा. आणि हे कागद तिच्या घरी नकोत, तुमच्या कपाटात ठेवा.

४. मग शिवाजीनगर कोर्टातले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही, पगारदार असली तरी. फोन १५१००. सासर नांदेडला असले तरी सध्या ती हडपसरला बहिणीकडे राहत असेल, तर अर्ज पुण्यात चालतो.

५. वकिलाला दवाखान्याचे कागद पहिल्याच भेटीत द्या. मॅजिस्ट्रेटकडे याच कायद्याच्या कलम १२ चा अर्ज जातो. त्यात मारहाणीला मनाई (हाच संरक्षण आदेश), राहत्या घरातून न काढणे, खर्च, मुलांचा ताबा, सगळे मागता येते. कायद्यात ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असे आहे. प्रत्यक्षात लांबते, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश सुरुवातीलाच मागा.

आदेशाची प्रत तिला फुकट मिळते. एक झेरॉक्स तिच्या पर्समध्ये आणि एक तुमच्याकडे राहू द्या. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे त्या नवऱ्याला चौकीतल्या साहेबांनी सांगितलेले बरे.