पोळ्याचा बैल उभा का राहत नाही? शाळेत मातीकाम घेताना या चुका टाळा

श्रावण अमावास्येचा पोळा जवळ आला, की अनेक प्राथमिक शाळांत कलेच्या किंवा कार्यानुभवाच्या तासिकेला मातीचे बैल करायला घेतात. पश्चिम महाराष्ट्रात हाच बेत आषाढात, बेंदराच्या आधी ठरतो. दुसऱ्या दिवशी पाहावे तर त्यातले बरेच बैल पाय मोडून आडवे झालेले, शिंगे गळलेली आणि पाठीला तडे गेलेले असतात. मग ‘लहान मुलांना हे जमत नाही’ असे ठरवून पुढच्या वर्षी रंगीत कागदाचा बैल चिकटवून घेतला जातो. मुलांवर यात अन्याय होतो. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे काम कशामुळे बिघडले याचा शोध घेतला, तर कारण बहुतेक वेळा मातीच्या तयारीत, जोडणीत किंवा वाळवण्यात सापडते, आणि या तिन्ही गोष्टींची जबाबदारी मोठ्यांची आहे.

माती वर्गातच भिजवणे

३५ मिनिटांच्या तासिकेत कोरडी पूड भिजवून, मळून, वर त्यातून बैल करणे कोणालाही शक्य नाही. माती किमान आदल्या दिवशी भिजत घालावी, वरचे पाणी काढून टाकावे आणि पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट होईपर्यंत ती मळावी. तयार माती ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, तर पुढचे काही दिवस चांगली राहते. माती कामाजोगी झाली की नाही हे पाहण्यासाठी बोटाएवढ्या जाडीची वळी करून ती बोटाभोवती गुंडाळावी. वळीला भेगा पडल्या तर माती कोरडी आहे किंवा तिला चिकटपणा कमी आहे, आणि ती हाताला चिकटून राहिली तर पाणी जास्त झाले आहे.

दुकानात सहज मिळतो म्हणून बहुतेक शाळा शाडू आणतात. शाडू साच्यात दाबायला उत्तम असतो आणि त्याचा पृष्ठभागही सुरेख येतो, परंतु मुले तो ओढून लांबवू लागली की लवकर तुटतो आणि वाळल्यावर ठिसूळ होतो. जवळपास कुंभारवाडा असेल तर कुंभाराने तयार केलेली माती मागून आणावी. हाताने घडवण्यासाठी ती अधिक सोसणारी असते, आणि त्या निमित्ताने मुलांना कुंभाराचे काम पाहताही येते.

माती देताना हात आखडता घेऊ नये. लिंबाएवढ्या गोळ्यातून चार पाय, शिंगे आणि वशिंड काढायला सांगितले, तर सगळेच अवयव काडीसारखे होतात. प्रत्येक मुलाला दोन्ही हातांच्या ओंजळीत भरेल एवढा गोळा मिळालाच पाहिजे.

प्रत्येक बाकावर पाण्याची वाटी

ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. वाटी समोर असली की मूल दर मिनिटाला त्यात बोटे बुडवते, कारण ओली माती गुळगुळीत लागते आणि तो स्पर्श सुखद असतो. पण पाणी वाढले की मातीचा ताठपणा जातो, पाय पोटाच्या भाराखाली बसतात, आणि जेवढे पाणी अधिक तेवढी माती वाळताना अधिक आकसते. वाटीऐवजी चौघांत मिळून एक ओलसर स्पंज किंवा पिळलेले फडके द्यावे आणि पाण्याचे भांडे शिक्षकांनी आपल्याजवळ ठेवावे.

नुसते दाबून चिकटवणे, आणि आत काडी घालणे

मूल पाय वेगळा वळते, पोटाला दाबते आणि तो चिकटला असे समजते. प्रत्यक्षात दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना नुसते टेकलेले असतात आणि वाळताना ते सुटतात. जोडणीच्या दोन्ही जागी काडीने आडवेउभे ओरखडे काढावेत, त्यावर मातीचाच दाट लगदा लावावा, भाग किंचित हलवत घट्ट दाबावा आणि सांध्यावरची माती बोटाने एका भागावरून दुसऱ्या भागावर ओढून घ्यावी. ही कृती पहिलीतल्या मुलांनाही एकदा हळूहळू करून दाखवली की नीट जमते. जोडले जाणारे दोन्ही भाग सारख्याच ओलाव्याचे असणेही तितकेच आवश्यक आहे. काल केलेल्या, अर्धवट सुकलेल्या धडाला आज ताज्या मातीचे पाय लावले, तर पाय अधिक आकसतात आणि सांध्याशीच तडकतात. म्हणून काम दोन तासिकांत करायचे असेल तर अपुरा बैल ओल्या फडक्याने आणि प्लास्टिकने झाकूनच ठेवावा.

पाय मोडतात म्हणून काही शिक्षक आत खराट्याची काडी किंवा तार घालतात. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो, कारण माती वाळताना आकसते आणि काडी आकसत नाही, त्यामुळे काडीच्या भोवतीच माती फाटते. याहून सोपा मार्ग कुंभाराच्या बैलात दिसतो: पाय आखूड आणि जाड ठेवायचे. मुलांना पाय वेगळे न वळता मूळ गोळ्यातूनच चिमटून खाली ओढायला सांगावे, आणि पाय थोडे कडक होईपर्यंत पोटाखाली वर्तमानपत्राच्या बोळ्याचा आधार द्यावा. बसलेला बैल करू इच्छिणाऱ्या मुलाला तर अवश्य तसाच करू द्यावा.

नमुना समोर ठेवून ‘असाच करा’ म्हणणे

या चुकीने माती फुटत नाही, म्हणून ती लक्षात येत नाही. मला मात्र ती सर्वांत गंभीर वाटते. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मातीकाम करणाऱ्या मुलांच्या दोन रीती नोंदवल्या आहेत. काही मुले एका अखंड गोळ्यातून अवयव बाहेर ओढतात, तर काही मुले सुटे भाग करून ते एकत्र आणतात. या दोन विचार करण्याच्या पद्धती आहेत, म्हणून मुलावर आपली रीत लादू नये असे त्यांचे म्हणणे होते. मुळातूनच पाय ओढा, हा वरचा सल्ला मोडतोड टाळण्यासाठी आहे. एखादे मूल सुटे भागच करत असेल तर त्याला जोडणी नीट शिकवावी.

प्रमाणाचेही तसेच आहे. घरी बैलजोडी असलेल्या मुलाचे वशिंड अनेकदा डोक्याएवढे मोठे होते, कारण त्याचा हात रोज तिथेच फिरलेला असतो. शिक्षकांनी बोटाने ते ‘बरोबर’ करून दिले, की त्या मुलाचा बैल त्याचा राहत नाही. अशा वेळी बैलाच्या मानेखाली काय लोंबते, शिंगे कुठून निघतात, असे प्रश्न विचारावेत. पोळी, म्हणजे गळ्याखालची लोंबती कातडी, कशी हलते हे आठवणारे मूल ती आपणहून जोडते.

उन्हात वाळवणे आणि घाईने भाजणे

उन्हात पृष्ठभाग आधी सुकतो, आतला भाग ओलाच राहतो आणि या असमान आकसण्यामुळे तडे जातात. बैल सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, कागदावर ठेवावेत आणि पहिला एक दिवस वर सैल प्लास्टिक टाकावे. पावसाळी हवेत जाड बैलाला पूर्ण वाळायला आठवड्याहून अधिक काळ लागू शकतो, म्हणून सण ज्या आठवड्यात असेल त्याच आठवड्यात काम सुरू करणे ही नियोजनाचीच चूक ठरते. रंगही पूर्ण वाळल्यावरच द्यावा.

कुंभाराच्या भट्टीत भाजायचे असेल तर वस्तू फुटण्याचे खापर हवेच्या बुडबुड्यांवर फोडले जाते, पण मुख्य कारण आत उरलेला ओलावा असतो. १०० अंश सेल्सिअसला त्याची वाफ होते आणि जाड भाग फोडून बाहेर पडते. बैलाचे पोट दोन बोटांहून जाड असेल तर ओलसर असतानाच खालून चमच्याने कोरून घ्यावे.

काम संपल्यावर कोरडी माती झाडूने झाडू नये, कारण तिची बारीक धूळ श्वासातून फुप्फुसांत जाते. बाके आणि फरशी ओल्या फडक्याने पुसावीत. मुलांचे हात बादलीत धुवावेत, बेसिनमध्ये नव्हे, नाहीतर नळी तुंबते. बादलीत तळाशी बसलेला गाळ आणि न भाजलेले मोडके बैल फेकू नयेत. बैलांचे तुकडे आधी पूर्ण वाळवून मगच पाण्यात टाकावेत, कारण अर्धवट ओल्या तुकड्यांपेक्षा खडखडीत वाळलेले तुकडे लवकर विरघळतात, आणि तीच माती पुन्हा मळून पुढच्या वर्गाला देता येते.