कॉलेजात ख्रिस्ती विद्यार्थिनींचं मंडळ: सभासद कोण आणि पाहुणी कोण, हे आधी ठरवा

नागपूरच्या बहुतेक मोठ्या कॉलेजांत ख्रिस्ती मुली असतात, पण विखुरलेल्या. कुणी सदरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चची, कुणी सेमिनरी हिल्सच्या कॅथलिक पॅरिशमधली, कुणी केरळहून नर्सिंग शिकायला आलेली, तर कुणी गडचिरोलीहून येऊन वसतिगृहात राहणारी. तीन वर्षं एकाच इमारतीत काढूनही त्यांची ओळख होत नाही. मंडळ हवं ते यासाठी: एकत्र प्रार्थना, शास्त्राभ्यास आणि घरापासून लांब राहणाऱ्या मुलीला अडचणीत हाक मारता येईल अशी माणसं.

अमेरिकेत अशा मंडळांना सोरोरिटी म्हणतात आणि त्यांची नावं ग्रीक अक्षरांवरून ठेवतात. कॅन्सस विद्यापीठात १९१६ मध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या विद्यार्थिनींसाठी कप्पा फाय सुरू झाली, लॉस एंजेलिसला १९२५ मध्ये अल्फा डेल्टा काय आणि ऑस्टिनला १९८८ मध्ये सिग्मा फाय लॅम्ब्डा. तिथे नव्या मुलीला काही आठवडे उमेदवार म्हणून ठेवतात आणि मग शपथ देऊन सभासद करतात. आपल्याकडचा वारसा वेगळा आहे. वायडब्ल्यूसीए (यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन) भारतात १८७५ मध्ये आली, स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ मध्ये आणि कॅथलिक विद्यार्थ्यांची आयकफ (ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन) १९२४ मध्ये. तुमच्या कॉलेजात यांपैकी कुणाची शाखा आहे का, हे आधी विचारून घ्या. असेल तर तिच्यातच मुलींचा गट करा. एका कॉलेजात दोन ख्रिस्ती मंडळं झाली की आधीच थोड्या असलेल्या मुली आणखी विभागल्या जातात.

सभासदत्वाचा नियम पहिल्या बैठकीआधी कागदावर उतरवा. सगळी मेहनत इथे घ्या, कारण मंडळं मोडतात ती बहुतेक याच मुद्द्यावर. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं. रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेला हिंदू मुली बसू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ उठलं. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कोण कशासाठी येतंय, हे आधीच सगळ्यांना स्पष्ट असणं म्हणूनच गरजेचं आहे.

नियम चार-पाच ओळींचा पुरे. ख्रिस्तावर विश्वास असलेली, कुठल्याही पंथाची विद्यार्थिनी सभासद होऊ शकते. बाप्तिस्म्याचा दाखला मागू नका. काही पंथांत बाप्तिस्मा मोठेपणी होतो, आणि त्या मुली उगाच बाहेर राहतील. पहिल्या चार बैठकांना कुणीही पाहुणी म्हणून यावं आणि नंतर स्वतः सांगून नाव नोंदवावं. इतर धर्मांच्या मैत्रिणींना गाण्याला, खाण्याला आणि सेवाकार्याला मोकळं आमंत्रण असावं. त्यांचं नाव सभासदांच्या वहीत चढवायचं नाही आणि त्यांच्यावर कसलाही आग्रह धरायचा नाही. मतदान आणि पदं फक्त सभासदांना.

जागेचं म्हणाल तर हिस्लॉपसारख्या मिशनच्या परंपरेतल्या कॉलेजात (स्थापना १८८३) प्राचार्यांना अर्ज द्या आणि सोबत एका प्राध्यापिकेचं नाव जबाबदार म्हणून लिहा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. संविधानाच्या २८ व्या कलमात तसं स्पष्ट आहे. तिथल्या मुलींनी बैठक चर्चच्या हॉलमध्येच घ्यावी. सीताबर्डी सोयीचं, कारण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथे मिळतात आणि वसतिगृहाचं फाटक बंद व्हायच्या आत परतता येतं. वेळ दुपारी साडेचार-पाचची ठेवा.

बैठक पन्नास मिनिटांत आटोपा: दोन गाणी, छोटी प्रार्थना, वीस मिनिटं शास्त्रवाचन आणि चर्चा, दहा मिनिटं एकमेकींची विचारपूस, मग सूचना. तास उलटला की पुढच्या आठवड्यात निम्म्या मुली येत नाहीत. वाचनाला आधी रूथचं पुस्तक घ्या, चारच अध्याय आहेत. नंतर मार्ककृत शुभवर्तमान, दर आठवड्याला एक अध्याय. सोळा अध्यायांत सेमिस्टर भरतं. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत आणि प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६, पण ही दोन्ही पुस्तकं दोघांकडे आहेत, त्यामुळे वाद उद्भवत नाही. प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणताना मात्र शेवटी गोंधळ होतो. कॅथलिक मुली ‘वाईटापासून सोडव’ म्हणून थांबतात, बाकीच्या ‘राज्य, पराक्रम व गौरव’ म्हणत पुढे जातात. कुठे थांबायचं ते आधीच ठरवा. मरियेची भक्ती, अन्यभाषेत (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषेत) प्रार्थना आणि बाप्तिस्म्याची रीत हे विषय पहिल्या वर्षी बैठकीत आणू नका. भाषा आळीपाळीने मराठी, हिंदी, इंग्रजी ठेवा. नाहीतर गावाकडून आलेली मुलगी मागच्या बाकावर गप्प बसते, आणि ती तशी बसली तर मंडळ कशासाठी काढलं?

प्रार्थनेसाठीच्या विनंत्या व्हॉट्सअॅपवर लिहू नयेत, हा नियम कडक ठेवा. घरातलं भांडण, आजार, लग्नाचा विषय असा मजकूर स्क्रीनशॉट होऊन तिच्या आईपर्यंत किंवा पाळकांपर्यंत पोचतो, आणि मग ती मुलगी पुन्हा तोंड उघडत नाही. ग्रुपवर फक्त वेळ आणि जागा.

पैशांसाठी महिना वीस रुपये वर्गणी पुरते. जमा पैसे एका मुलीकडे, हिशेबाची वही दुसऱ्या मुलीकडे, आणि दर महिन्याला वही सगळ्यांसमोर वाचायची. संस्थेच्या नोंदणीच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी किमान सात जणी, घटना, दरवर्षीचे हिशेब आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, एवढं सांभाळावं लागतं. दोन-तीन वर्षांत बाहेर पडणाऱ्या मुलींना ते झेपत नाही.

नाताळच्या कॅरलची तालीम ऑक्टोबरअखेरीस सुरू करा, कारण पुढे हिवाळी परीक्षा येतात. सहा गाणी बसवली तर एका संध्याकाळच्या फेरीला पुरतात. उन्हाळ्यात, एप्रिलपासून, बैठका बंद ठेवा.

नव्या प्रमुखाची निवड जानेवारीतच करा आणि ती दुसऱ्या वर्षाची असू द्या. फेब्रुवारी-मार्चच्या बैठका तिनेच चालवाव्यात, जुनीने शेजारी बसावं. सभासदांची वही, हिशेब, शिल्लक रक्कम आणि हॉलच्या परवानगीचं पत्र मार्चअखेर तिच्या हाती द्या. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात तिला नव्या मुली शोधायला निघायचं असतं.