थ्रो-इनवर ऑफसाइड: या चुका टाळा

थ्रो-इनवर, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत टाकताना, ऑफसाइड नसतो, हे मैदानावर सगळ्यांनी ऐकलेलं असतं. (ऑफसाइड म्हणजे साथीदाराने चेंडू खेळला त्या क्षणी प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात चेंडूच्याही आणि, गोलकीपर धरून, शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्याही पुढे असलेल्याने खेळात भाग घेणं.) तरीही दर दुसऱ्या स्थानिक सामन्यात त्यावरून वाद होतो, कारण ही सूट कुठे संपते ते कुणी नीट सांगत नाही. फुटबॉलच्या नियम 11 नुसार थ्रो-इनचा चेंडू थेट ज्याच्याकडे येतो, तो शेवटच्या डिफेंडरच्या कितीही पुढे उभा असला तरी ऑफसाइड होत नाही. गोल किक आणि कॉर्नरलाही हेच लागू आहे. 1920 पूर्वी थ्रो-इनवरही ऑफसाइड दिला जायचा.

त्यामुळे पहिली चूक बचाव करणाऱ्यांची. थ्रोच्या वेळी डिफेंडरांची रांग पुढे नेऊन ऑफसाइड मागत हात उंचावत उभं राहू नका, लाइन्समनचा फ्लॅग वर जाणारच नाही. स्ट्रायकर तुमच्या मागे पळाला, तर त्याच्याबरोबर पळावंच लागेल.

खरी फसगत दुसऱ्या स्पर्शाला होते. थ्रो एकाने डोक्याने पुढे सरकवला की सूट संपली. त्या हेडरच्या क्षणी कोण कुठे होतं, ते आता बघायचं. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या स्टोक सिटीने आर्सेनलला 2-1 असं हरवलं. स्टोकचे दोन्ही गोल रॉरी डेलॅपच्या लांब थ्रोवरून आले होते. असे थ्रो पाहून पोरं थेट गोलसमोर गर्दी करतात. ते चालतं, पण जवळच्या पोस्टपाशी फ्लिक होणार असेल, म्हणजे कुणी डोक्याने चेंडू हलकेच पुढे सरकवणार असेल, तर मागच्याने फ्लिक होईपर्यंत चेंडूच्या मागे राहावं. चेंडूच्या मागे असलेला खेळाडू ऑफसाइड ठरत नाही.

थ्रो टाकणाऱ्याचा विचार तर कुणीच करत नाही. कॉर्नरजवळून तो जवळच्या साथीदाराला चेंडू देतो, साथीदार लगेच परत देतो, आणि फ्लॅग वर! परतीचा पास निघाला तेव्हा टाकणारा चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्याही पुढे होता. हा निर्णय बरोबरच असतो, लाइन्समनवर ओरडू नका. टाकल्याबरोबर दोन पावलं मागे येत मैदानात शिरा. ही सवय सरावातच लावायला हवी, सामन्यात आठवत नाही.

फ्री किकला ही सूट नाही, तिथे ऑफसाइड नेहमीसारखाच. आणि थ्रो कुणालाही न लागता प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये गेला तर गोल मिळत नाही, गोल किक मिळते.

पुण्या-मुंबईत टर्फवर पाच-पाच जणांत खेळताना बहुतेक ठिकाणी ऑफसाइड पाळतच नाहीत. तिथून अकरा जणांच्या सामन्यात येणाऱ्यांना प्रशिक्षकांनी निदान फ्लिक आणि परतीचा पास, हे दोन प्रसंग मैदानावर उभं करून दाखवावेत.