माका लावताय? या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की फोटो यायला लागतात. "मावशी, हा माकाच ना?" बहुतेक वेळा ती एकदांडी असते. काहीजण तिला कंबरमोडी किंवा दगडी पाला म्हणतात.

केसांच्या तेलामुळे माक्याचं नाव घरोघरी पोचलंय, पण झाड फार थोड्यांनी पाहिलंय. पांढरं फूल दिसलं की उपटलं, हीच पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. माझ्या भाचेसुनेने रस्त्याकडेचा दोन पिशव्या पाला आणून वाटला आणि घाण्याच्या लिटरभर तिळाच्या तेलात उकळायला ठेवला. मी पोचले तेव्हा कढई चुलीवर होती. बाजूला टाकलेले देठ पाहिले आणि पोटात गोळा आला. वीतभर लांब दांडीवर एकच फूल, मधला भाग पिवळा, कडेला दातेरी टोकाच्या चार-पाच पाकळ्या. सगळी एकदांडी! तेल वाया गेलं, पोरीची अख्खी दुपारही गेली.

दुसऱ्या दिवशी मी भातखाचराच्या बांधावरून खरा माका नेला. त्याचं फूल नखाएवढं आणि मधोमधही पांढरंच असतं. कडेच्या पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक. पानं समोरासमोर, लांबट, जवळजवळ बिनदेठाची. पानावर आणि खोडावर बोट फिरवलं की खरखरीत लागतं. तिच्या एका तळहातावर माक्याचं पान चुरडलं, दुसऱ्यावर एकदांडीचं. थोड्या वेळात माक्याचा रस काळा पडला, एकदांडीचा हिरवाच राहिला. ही परीक्षा फुकटची आहे आणि फुलं नसतानाही करता येते. तरी लोक ती न करता मोबाइलवरच्या फोटोवर विसंबतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रोपवाटिकेत 'पिवळा माका' मागाल तर आणखी जपा. तो याच कुळातला, पण वेगळा. शिवाय त्याच्या नावाखाली रस्त्याच्या दुभाजकावरची, तीन खाचांच्या चकचकीत पानांची, मूळची अमेरिकेतली वेल हातात दिली जाते. मलाही एकदा दिली होती.

आता बी. लोक ते बोटभर खोल पुरतात, मग चौथ्या दिवशी काडीने उकरून बघतात आणि "बी खराब होतं" म्हणून मोकळे होतात. माक्याच्या बीला रुजायला उजेड लागतो. मातीखाली गाडलंत तर ते तसंच पडून राहील. मी ओल्या मातीवर बी भुरभुरते, तळहाताने हलकं दाबते आणि वर काहीही घालत नाही. झारीने पाणी घातलं तर बी वाहून जातं, म्हणून कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवते. आठ-दहा दिवस धीर धरायचा. बी स्वतः गोळा करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की एकदांडीच्या बीला पिसारा असतो आणि ते वाऱ्यावर उडतं. माक्याचं बी बोडकं असतं, झाडाखालीच गळतं.

बियांचा खटाटोप नको असेल तर पितृपक्षात बाजारात येणाऱ्या जुडीतली ताजी काडी घ्या. आधी चुरडून खात्री करा आणि चिखलात आडवी टाका. पेरापेराला मुळं फुटतात.

निवडुंगासारखं वाळू-खडीत लावू नका. हे बांधाचं, ओढ्याकाठचं झाड आहे. त्याला चिकण माती, भरपूर ऊन आणि सतत ओल हवी. पानं दुपारी मलूल झाली तर खत घालत बसू नका, पाणी द्या.

गटाराकाठचा माका कितीही टवटवीत दिसला तरी तोडू नका.

आणि वाळवताना पाला काळा पडला म्हणून फेकू नका, त्याचा तो रंगच आहे. सावलीत पातळ पसरा आणि रोज हलवा. कुबट वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली, तरच टाका.