भूत नको, आधी उघडं दार दाखवा: हॉरर ट्रेलर कसा कापायचा

आमच्या वेंगुर्ल्याकडे मोबाईलवर शॉर्टफिल्म करणारी पोरं आता बरीच झालीयत आणि बहुतेकांची पहिली फिल्म भुताचीच असते, असणारच, पडवी आहे, माजघर आहे, रहाटाची विहीर आहे, पावसात लाइट तर जातेच. पण ट्रेलर लावला की दहाव्या सेकंदाला केस सोडलेली बाई समोर, धाडकन म्युझिक, संपला विषय. भूत दिसलं ना की बघणारा सुटतो, कारण काय आहे ते त्याला कळलं. आणि ट्रेलरने तर त्याला सुटू द्यायचंच नाही.

माझ्या पहिल्या ट्रेलरमध्ये मीही हेच केलेलं. नंतर तोच परत कापला, हडळ पूर्ण काढून टाकली आणि तिच्या जागी मागचं अर्धं उघडं दार ठेवलं, बास. आजी बघत होती, ती मधेच म्हणाली, "आधी ता दार लाव रे." तेव्हापासून मी दारापासूनच सुरुवात करतो.

तो शॉट असा घ्या. फोन ट्रायपॉडवर, माजघरातून मागच्या दाराकडे बघणारा वाइड, म्हणजे अख्खी खोली दिसेल असा शॉट, अजिबात हलवायचा नाही. बाई फ्रेमच्या एका कडेला तांदूळ निवडत बसलीय, बाकी सगळी फ्रेम काळोख आणि ते दार. तिने दाराकडे बघायचं नाही, कॅमेऱ्याने पण तिकडे बोट दाखवायचं नाही. रिकामी जागा दिसली की डोळा तिथे आपोआप शोधायला लागतो. आणि एडिट करताना जिथे कट मारावासा वाटेल तिथून अजून दोन सेकंद थांबा, ते दोन सेकंद फार महत्त्वाचे. १९८० च्या 'द शायनिंग'चा टीझर बघा, लिफ्टची बंद दारं, वर नावं सरकतायत, कॅमेरा जागचा हलत नाही, आणि मग रक्ताचा लोंढा. सगळा टीझर त्या एका शॉटवर उभा आहे.

हळूहळू पुढे जाणारा शॉट हवा असेल तर फोर-केमध्ये शूट करून टाइमलाइनवर झूम करता येतो, फुल एचडीच्या दुप्पट रुंदी असते त्यामुळे चित्र फाटत नाही. पण मी खरा कॅमेरा पुढे न्या म्हणेन, कारण तेव्हा दाराची चौकट आणि मागच्या पोफळी एकमेकांपासून सरकतात, नुसत्या झूममध्ये सगळं सपाटच मोठं होतं. कॅमेरा सरकवायची चाकांची गाडी, म्हणजे डॉली, कुठून आणणार? गुळगुळीत कोबा असेल तर पाटाखाली जाड फडकं घाला, पाटावर फोन नीट बसवा आणि श्वास रोखून ढकला. कॅमेरा जमिनीलगत येतो आणि बघणाऱ्याला प्रश्न पडतो की ही नजर नक्की कोणाची.

खूण दाखवा, ज्याची खूण आहे तो दाखवू नका. आमच्याकडच्या आरवलीचा ग्रामदेव वेतोबा, त्याला मोठाल्या चपला वाहतात, तो रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा. फिरताना कोणी बघायची गरजच नाही, झिजलेला तळ पुरतो. तुमच्या गोष्टीतली खूण अशी शोधा, ओला पायठसा, आपोआप हलणारा दोर. आणि हे मनापासून सांगतो, वेतोबाला किंवा राखणदाराला भूत करून ट्रेलरमध्ये घालू नका, ते गाव राखणारे आहेत.

चेहऱ्याला जास्त अभिनय करायला लावू नका. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हने एकाच माणसाचा तोच चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला आणि लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. म्हणजे साधा चेहरा, मग दार, मग परत तोच चेहरा. भीती बघणारा स्वतः भरतो.

आता कापणं. सेकंदाला २५ फ्रेम्सवर शूट करा, शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे त्यामुळे ट्यूबलाइट लुकलुकत नाही. मिनिटाचा ट्रेलर असेल तर पहिल्या अर्ध्यात आठ-नऊच शॉट, तीन-चार सेकंदांचे. मग दोन सेकंद, एक सेकंद, १२ फ्रेम्स, ६ फ्रेम्स असं आवळत न्या. पण मशीनसारखं नको, एकदा लय बसली की बघणारा कटची वाट बघतो, नेमका तिथेच कट देऊ नका, शॉट धरून ठेवा आणि मग स्क्रीन काळी.

साउंडवर तर अर्धा ट्रेलर उभा असतो. रहाटाची करकर विहीर दिसायच्या दोन सेकंद आधी, बाईच्या चेहऱ्यावरच सुरू करा, ऐकू येतंय पण दिसत नाही हा वेळ जितका ताणाल तितका चांगला. म्युझिकची घाई नको, खाली समुद्राची गाज आणि रातकिडे ठेवा. मग रातकिडे एकदम बंद करा. आपल्याकडे प्रत्येकाला माहितीय, ते गप्प झाले म्हणजे जवळून कोणीतरी चाललंय, वेगळं काही सांगावं लागत नाही. आणि नुसत्या खोल घरघरीवर विसंबू नका, फोनच्या छोट्या स्पीकरमधून ती ऐकूच येत नाही, सोबत लाकडाची करकर किंवा झावळी घासल्याचा आवाज घाला.

रात्रीचे बाहेरचे शॉट तिन्हीसांजेलाच उरका, एक्सपोजर, म्हणजे फोन किती उजेड घेतो ते, लॉक करून कमी ठेवा, पूर्ण अंधारात फोन नुसता दाणेदार चित्र देतो.

शेवटी नाव येऊन गेल्यावर काळ्या स्क्रीनवर सेकंदभर काहीच नको. मग परत तोच माजघराचा वाइड, तीच जागा, तांदूळ निवडायचं सूप तसंच पडलंय, बाई नाहीये आणि दार आता आतून लावलेलं आहे. कडी हलायला लागली की कट.