दोघंच बोटीवर आणि वारा वाढतोय? या चुका टाळा

दोघांनीच शिडाची बोट घेऊन लांबच्या सफरीला निघायचं म्हणजे बराचसा वेळ बोट एकच माणूस चालवत असतो, कारण दुसरा झोपलेला असतो, आणि हवा शांत असेपर्यंत हे कुणाला जाणवत पण नाही. वारा 30 नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर गेला, लाटा उभ्या राहायला लागल्या की मग कळतं. मोठ्या क्रूला दिलेले सल्ले इथे फारसे कामाचे नाहीत, कारण तिकडे एक जण दमला की त्याच्या जागी ताजा माणूस येतो, तुमच्याकडे कोणी येणार नाही. त्यामुळे दोघांच्या बोटीवरच्या चुका मला तरी बहुतेक एकाच जातीच्या दिसतात: अंगात दम असताना उरकायचं काम दम संपल्यावर हातात घेणं.

रीफ उशिरा घेणं

रीफ म्हणजे शिडाचा खालचा भाग आवळून शीड लहान करणं. ते उशिरा करणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि होते ती बहुतेक वारा मागून असताना. समजा खरा वारा 25 नॉट आहे आणि बोट 7 नॉटने वाऱ्याबरोबर पळतेय, तर डेकवर जाणवतो फक्त 18, बोट मस्त चाललीय असं वाटतं, आणि कधीतरी वाऱ्याच्या तोंडावर वळायची वेळ आली की तोच वारा जवळपास 30 चा लागतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 15 चा वारा 30 झाला तर शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट. म्हणून रीफचा निर्णय खऱ्या वाऱ्यावर घ्या, आणि रात्र असेल तर अंधार पडायच्या आधी एक रीफ घेऊनच टाका, अर्धा-एक नॉट वेग कमी झाला तर होऊ दे, झोपलेल्याची झोप तरी मोडत नाही.

रीफ घेताना शीड खाली येत नाही किंवा मागचा कोपरा बूमला (शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याला) चिकटत नाही अशी तक्रार खूप जणांची असते, आणि विंचवर (दोरी ओढायच्या चरखीवर) जोर लावून लावून दोरी तुटायची वेळ येते. नव्वद टक्के वेळा मेनशीट (मोठं शीड ओढून धरणारी दोरी) नाहीतर व्हँग (बूम खाली खेचणारी दोरी) सोडायची राहिलेली असते. बूम खाली खेचलेली आहे आणि तुम्ही कोपरा तिच्यापर्यंत ओढताय, कसा येईल? क्रम असा ठेवा, आधी टॉपिंग लिफ्टने (बूमचं मागचं टोक वर धरणाऱ्या दोरीने) बूम पेला, मग व्हँग आणि मेनशीट सैल, मग हॅलियार्ड (शीड वर चढवायची दोरी) खाली, पुढचा कोपरा हुकमध्ये, हॅलियार्ड परत कडक, आणि शेवटी मागच्या कोपऱ्याची रीफ लाईन. प्रत्येक रीफला हॅलियार्ड नेमकी किती सोडायची तिथे बंदरात असतानाच दोरीवर रंगीत दोऱ्याची खूण करून ठेवा, रात्री हेडलॅम्पच्या उजेडात ती खूण दोरी पकडणाऱ्या क्लचपाशी आली की थांबायचं, अंदाज लावत बसायला नको. आणि मधल्या बारीक दोऱ्यांनी शीड बूमवर आवळलं असेल तर रीफ काढताना त्या आधी सोडा, नाहीतर नेमकं तिथेच शीड फाटतं.

पुढचं शीड गुंडाळायच्या फर्लरचं पण तेच आहे. अर्धवट गुंडाळलेलं जिनोआ (पुढचं मोठं शीड) फुगीर होतं, बोट वाऱ्यावर चढत नाही, आणि सगळा भार त्या एका बारीक फर्लिंग लाईनवर येतो. ती ड्रममधून बाहेर येते तिथे घासलीय का ते हात फिरवून बघा. पूर्ण गुंडाळल्यावर शीटचे (शीड ओढून धरणाऱ्या दोरीचे) दोन-तीन वेढे शिडाभोवती बसलेच पाहिजेत, नाहीतर जोराच्या झोतात वरचं टोक सुटून फडफडायला लागतं आणि मग ते आवरायला कोणीतरी नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला) जायचं म्हणजे नसता धोका.

बोट थांबवता येते हे विसरणं

खरं सांगतो, दोघांच्या बोटीला हीव्ह टू, म्हणजे समुद्रात बोट थांबवून ठेवणं, याइतकी कामाची दुसरी गोष्ट नाही, आणि कितीतरी जण ती कोर्समध्ये एकदा करून विसरून जातात. टॅक करायचा, म्हणजे नाळ वाऱ्यातून पलीकडे वळवायची, पण जिबची (पुढच्या शिडाची) शीट सोडायची नाही, जिब उलट्या बाजूने भरतं, मग व्हील वाऱ्याच्या बाजूला फिरवून लॉक करायचं, टिलर असेल तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधायचा. बोट जवळपास उभी राहते, हळूहळू वाहत जाते, आणि आतला सगळा आवाज एकदम कमी होतो. रीफ घ्यायला, गरम काही खायला, नुसतं दोन तास पडायला, कशालाही वापरा. फिन कीलच्या (तळाला अरुंद पात्यासारखी कील असलेल्या) काही बोटी नीट थांबत नाहीत, नाळ भरकटते, तेव्हा जिब अजून लहान करून बघा, मेनशीट थोडी कमीजास्त करा, आणि हे 15-20 नॉटमध्ये जमवून ठेवा. जिबची शीट शराउडवर (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेवर) घासत नाही ना ते मात्र अधूनमधून बघत राहायचं.

लाटा फुटायला लागल्या की हे पुरत नाही. मॉडेलवरच्या चाचण्यांमध्ये असं दिसलंय की बोटीच्या लांबीच्या साधारण 30 टक्के उंचीची फुटणारी लाट आडवी लागली तर बोट उलटू शकते, म्हणजे 12 मीटरच्या बोटीला साडेतीन मीटरच्या आसपासची. अशा वेळी बोट आडवी राहू द्यायची नाही, मागून ड्रोग (पाण्यात ओढला जाऊन बोटीला रोखणारा अडसर) सोडायचा. त्याची दोरी आणि ब्रायडल (ती दोरी बोटीच्या दोन्ही बाजूंना जोडणारी दोरी) वादळ यायच्या आधीच बसवून ठेवा, हलत्या डेकवर लॉकर उपसून शॅकल (जोडायची कडी) शोधणं दोघांना जमणारं काम नाही.

अंदाज वाचण्यातली गफलत

अंदाजात येतो तो सरासरी वारा, झोत त्यापेक्षा 40 टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतात. लाटांची उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, एखादी लाट त्याच्या दुप्पट निघते. प्रवाह वाऱ्याच्या उलट असेल तर त्याच लाटा आखूड आणि उभ्या होतात. आणि हवा बिघडल्यावर घाईघाईने बंदर गाठायला जाणं, ते पण उथळ तोंडाचं, ही चूक कित्येक बोटींना महागात पडलीय. वारा बोटीला किनाऱ्याकडे ढकलत असेल तर बाहेर, खोल पाण्यात राहणं जास्त सुरक्षित, कितीही नकोसं वाटलं तरी.

माणसं

मळमळीची गोळी निघायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कुठल्या गोळीने किती झोप येते ते जमिनीवरच बघून ठेवा. एक जण आडवा झाला की तुमची बोट एकट्याची झाली.

टेदर (माणसाला बोटीशी बांधणारा पट्टा) लांब लावला तर बांधलेला माणूस पण पाण्यात पडतो, आणि 6 नॉटने ओढला गेला तर बोटीला जोडलेला असूनच बुडतो. जॅकलाईन (डेकवर ताणलेली, टेदर अडकवायची दोरी) मधोमध, टेदर आखूड, आणि हुक जिन्यातून डोकं बाहेर काढायच्या आधी लावायचा. दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिट सोडून कोणी पुढे जाणार नाही, हा नियम पक्का करा, तो चिडला तरी चालेल. आणि पाण्यातल्या माणसाला वर कसं घेणार हे दोघांपैकी ज्याच्यात ताकद कमी आहे त्याने करून बघा, हॅलियार्ड आणि विंच वापरून, कारण भिजलेलं माणूस नुसत्या हातांनी रेलिंगवरून उचललं जात नाही.

ऑटोपायलट सारखा भरकटत असेल तर गेन (सुकाणू किती जोरात फिरवायचं ती सेटिंग) वाढवत बसू नका, आधी मेनसेल (मोठं शीड) कमी करा, बहुतेक वेळा त्याला मदत एवढीच हवी असते. तरी भागलं नाही तर व्होल्टेज बघा.

इंजिनवर भरवसा

टाकीच्या तळाचा गाळ लाटांनी ढवळला जातो आणि नेमका तेव्हाच फिल्टर तुंबतो. सुटे फिल्टर हाताशी ठेवा, डिझेल लाईनमधली हवा काढायला दोघांनाही यायला हवं. गिअर टाकायच्या आधी बोटीच्या दोन्ही बाजूंना बघा, एखादी शीट पाण्यात लोंबत असेल तर ती पंख्यात गेलीच म्हणून समजा.

बोट लवकर सोडणं

1979 च्या फास्टनेट रेसमध्ये (शिडाच्या बोटींची समुद्री शर्यत) 303 बोटी निघाल्या होत्या, वादळात 15 स्पर्धकांचा जीव गेला. 24 बोटी क्रूने सोडून दिल्या, त्यातल्या बुडाल्या फक्त 5, बाकीच्या नंतर तरंगतच सापडल्या. राफ्ट (जीव वाचवायचा तराफा) ही बोट खरंच पायाखालून जात असेल तेव्हाची जागा आहे, आणि दोघांचाही दम संपल्यावर ती पहिल्यांदा सुचते. पाणी आत येतंय म्हणून घाबरायच्या आधी ते कुठून येतंय ते शोधा: नांगराच्या साखळीचं भोक बंद करायचं राहिलंय का, व्हेंट उघडी आहे का, जिन्याच्या फळ्या जागेवर बांधल्यात का. पाणी चाखून बघा, गोडं असेल तर पिण्याची टाकी फुटलीय, बोट नाही.